ऑनलाइन गोष्टीच्या वर्गात हुंकार कोण देणार?

मुंबईतल्या कॉलेजात ऑनलाइन तास घेणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पोरांना मोटिव्हेशनच नाही हो." कॅमेरे बंद, माइक म्यूट, हजेरीपुरतं चॅटमध्ये 'प्रेझेंट' आणि असाइनमेंट शेवटच्या रात्री अकरा एकोणसाठला. तक्रार खोटी नाही. मीही तासिका तत्त्वावर शिकवते, हे सगळं रोज बघते. पण विषय जर गोष्ट सांगण्याचा असेल, तर सगळा दोष मुलांच्या माथी मारणं मला पटत नाही. गोष्ट सांगावीशी वाटते ती समोर कुणीतरी ऐकत असतं म्हणून. आपण तो ऐकणारा काढून घेतला, त्याच्या जागी पोर्टल आणून बसवलं आणि आता मुलांना उत्साह नाही म्हणून हळहळतोय.

हा प्रश्न आता चार हौशी वर्गांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० मध्ये. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. मुख्य विषयासोबत ओपन इलेक्टिव्ह आले, कौशल्याचे पेपर आले आणि त्यांच्यात कथाकथन, डिजिटल स्टोरीटेलिंग, कंटेंट रायटिंग अशा नावांचे दोन-दोन क्रेडिटचे विषय दिसू लागले. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरच्या ऑनलाइन कोर्समधून मिळवता येतात. इकडे वर्गखोल्या तेवढ्याच, टाइमटेबल आधीच फुगलेलं. मग काय होतं? अकाउंट्सचा तास वर्गात आणि गोष्टीचा तास घरी, लिंकवर. 'सोपा' समजला जाणारा विषय सगळ्यात आधी पडद्यावर जातो. तो तिथे कसा चालवायचा, याचा विचार मात्र कुणाच्याच कामात धरलेला नसतो. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, कथेचे घटक सांगणारी पीपीटी, शेवटी दहा एमसीक्यू आणि एक हजार शब्दांची कथा अपलोड करा. संपला कोर्स.

आता हीच मुलं दुसरीकडे बघा. पावसाळा सरता सरता कॉलेजांतून एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. आयएनटीच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची फेरी जवळ आली की लेक्चरला न दिसणारा मुलगा सकाळपासून कॉलेजात असतो. हॉल मिळाला नाही तर पॅसेजमध्ये, पॅसेज नाही तर जिन्याखाली, वॉचमन येऊन दिवे घालवेपर्यंत. मग शेवटची कर्जत किंवा शेवटची विरार पकडायला धावाधाव. चतुरंगची 'सवाई' एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट होईपर्यंत चालते. नाट्यगृह भरलेलं असतं, पडदा उघडण्याआधी 'अरे आव्वाज कोणाचा' सुरू असतं, आणि पहाटे चारची एकांकिकाही प्रेक्षक तितक्याच लक्षपूर्वक बघतात. मार्कांसाठी इतकं कुणी राबत नाही.

या मुलांना प्रेरणेवर व्याख्यान कुणी दिलेलं नसतं. त्यांच्याकडे असते एक ठरलेली तारीख. आपण गेलो नाही तर अडून बसणारा एक ग्रुप असतो. मधेच थांबवून "इथे सीन पडतोय रे, तो पॉज का खातोयस?" असं तोंडावर सांगणारा एक माजी विद्यार्थी असतो. आणि शेवटी अंधारात बसलेली अनोळखी माणसं असतात, जी हसली तर हसली, नाही तर नाही. पहिल्या फेरीत जिथे लाफ्टर यायला हवा तिथे आला नाही, की त्याच रात्री वडापावच्या गाडीशेजारी उभं राहून संहिता बदलली जाते. कथालेखनाच्या पाठ्यपुस्तकात ज्याला पुनर्लेखन म्हणतात ते हेच. ते करा म्हणून तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे गोष्ट कायम अशीच वाढली. आजी गोष्ट सांगायची तेव्हा नातवंडांनी हुंकार द्यायचा असा रिवाज होता. हुंकार थांबला की आजीला कळायचं, पोरं झोपली किंवा गोष्ट रेंगाळली. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंग किती लांबवायचा आणि आख्यानाला कधी हात घालायचा हे समोरची मंडळी बघून ठरवतात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे छापील कथेतले मोठे लेखक, पण गावोगावच्या कथाकथनात ते लोकांसमोर उभे राहिले आणि त्यांची कथा न वाचणाऱ्यांपर्यंत पोचली. ऐकणारा माणूस हा गोष्टीच्या बांधणीचाच भाग आहे. तो बाजूला काढून उरलेला भाग शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ऑनलाइन वर्ग बंद करा, असं मी म्हणत नाही. मुंबईत तसं म्हणणं अन्यायाचं होईल. या शहरात शिकणाऱ्यांपैकी मोठा वर्ग आधी पोट भरतो आणि मग शिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. मुंबई विद्यापीठाचं पत्रद्वारे शिक्षण १९७१ मध्ये सुरू झालं ते याच गरजेतून. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या, दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभं राहणाऱ्या मुलासाठी रात्री नऊचा ऑनलाइन तास हाच शिक्षणाचा एक उघडा दरवाजा असतो. तो लावून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. त्या दरवाजापलीकडे त्याला काय मिळतं, हा खरा मुद्दा आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण शिक्षकांचा सगळा राग तिथे एकवटतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर ३०० चौरस फुटांचं. अशा घरात रात्री नऊ वाजता कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, टीव्ही चालू असतो, मोरीत कुणीतरी अंघोळ करत असतं, आणि त्याच भिंतीला टेकून आपली विद्यार्थिनी बसलेली असते. तिने कॅमेरा लावला तर तिच्यामागे तिच्या आईचं आयुष्य साठ जणांना दिसतं. 'कॅमेरा ऑन म्हणजे उपस्थित' हा नियम तिच्यावर लादणारा शिक्षक तिचं घर न विचारता उघडं पाडतो. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याबद्दल लिहिताना सतत स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणं हे एक कारण दिलं होतं. गोष्ट सांगताना तर स्वतःचा विसर पडायला हवा. माझ्या वर्गात कॅमेरा बंदच असतो, सगळ्यांचा. माइक मात्र चालू. सहा जणांच्या गटात माइक चालू ठेवता येतात, साठ जणांच्या गटात नाही. सगळा फरक इथे पडतो.

अंतरामुळे गोष्ट शिकवता येत नाही, हेही खरं नाही. मराठी कथेच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. गिरगावात खटाववाडीतून 'सत्यकथा' हे मासिक निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांकडे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कथा यायच्या. अनेकांना 'साभार परत' मिळायचं, पण ज्या कथेत काही दिसायचं तिच्या लेखकाला पत्र जायचं. या प्रसंगात पात्र असं का वागतं, शेवट घाईत का झाला, मधलं पान गाळून बघता का. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा, पुन्हा पत्र. मुंबई न बघितलेल्या लेखकांच्याही कथा अशा टपालाने घडल्या. 'सत्यकथे'च्या अभिरुचीवर टीका झाली, तिच्या अंकाची होळीही झाली, आणि ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. पण एक गोष्ट तिच्या विरोधकांनाही मान्य करावी लागेल: तिथे पाठवलेली कथा कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं आणि वाचल्याचं कळवत होतं. आज ऑनलाइन वर्गात अपलोड केलेल्या कथेला काय मिळतं? हिरवी टिकमार्क. 'सबमिटेड.' काही आठवड्यांनी पन्नासपैकी छत्तीस. छत्तीस का, हे विचारायची सोयही नसते.

या उत्तराविना माणूस किती टिकतो याचे आकडे आहेत. एमआयटी आणि हार्वर्डने एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर चालवलेल्या कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी फक्त ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. जगातले नामवंत प्राध्यापक, उत्तम चित्रीकरण, पैशाची कमतरता नाही, तरी ही गत. यात फुकट नाव घातलेले, डोकावून गेलेले लोक आहेतच, मान्य. पण नुसता चांगला व्हिडिओ माणसाला धरून ठेवत नाही, हे एवढ्यावरूनही कळतं.

सर्जनशीलतेचं काय? इथे एक संशोधन मला फार उपयोगी वाटतं. मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांनी २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केलं. एका खोलीत समोरासमोर बसलेल्या जोड्या आणि व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्या यांना एकच काम दिलं: एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवा. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. पाच देशांतल्या एका टेलिकॉम कंपनीच्या अभियंत्यांमध्येही तसंच आढळलं. कारण साधं होतं. पडद्यावर बोलताना माणूस पडद्याकडेच बघत बसतो. समोरासमोर बसलेल्यांची नजर खोलीभर भिरभिरते आणि तिच्याबरोबर मनही हिंडतं. मात्र सुचलेल्या कल्पनांतून चांगली कल्पना निवडण्यात व्हिडिओवरचे लोक कुठेही कमी पडले नाहीत. ऑनलाइन गोष्टीचा वर्ग कसा रचायचा हे जवळजवळ यातच सांगून झालं आहे. सुचण्याचं काम पडद्यापासून लांब करा. निवडण्याचं, तपासण्याचं, एकमेकांना ऐकवण्याचं काम पडद्यावर करा. आपण आज नेमकं उलट करतो. 'चला, ब्रेनस्टॉर्म करू' म्हणून साठ जणांना पडद्यासमोर बसवतो आणि लिहिलेली कथा कुणाला न ऐकवता अपलोड करायला लावतो.

मी हे करून बघितलं त्यातली एक गोष्ट सांगते. वर्गाच्या सुरुवातीला एका मुलाने कथा पाठवली होती. एका गावात एक म्हातारा, पाऊस, सोडून गेलेला मुलगा, शेवटी पत्र. भाषा चुकलेली नव्हती, पण त्या गावाला नाव नव्हतं, म्हाताऱ्याला हात नव्हते, पाऊससुद्धा ओला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगितलं, आज लिहायचं नाही. घराबाहेर पडा, एका जागी वीस मिनिटं उभे राहा, फोन खिशात. परत येऊन आपल्या गटाला तीन मिनिटांत सांगा काय बघितलंत. हा मुलगा स्टेशनबाहेर उभा राहिला. जूनचा दुसरा आठवडा होता. तिथे छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसतात. मोडलेली काडी काढून दुसरी बसवायची, कापडाला टाका घालायचा. दुरुस्त झालेल्या छत्र्या त्यांनी मागच्या रेलिंगला ओळीने अडकवलेल्या होत्या आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नाही, गाडीची वेळ. '७.५२ वाला'. '८.१२ लेडीज, लाल पर्स'. काका गिऱ्हाइकांना गाडीवरून ओळखतात.

त्याने हे जेमतेम दोन मिनिटांत सांगितलं. अडखळत, मधे "म्हणजे कसं ना मॅम" करत. संपल्यावर क्षणभर कुणी बोललं नाही, आणि मग गटातल्या विक्रोळीच्या एका मुलीने विचारलं, "जे न्यायला येतच नाहीत, त्यांच्या छत्र्यांचं काय करतो तो?" त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कामावर जाताना तो थांबला आणि विचारून आला. मी सांगितलं नव्हतं, त्याला मार्क नव्हते. काका म्हणाले, अर्धे पैसे आधी घेतलेले असतात, टाकवत नाही. पावसाळा संपला की घरी नेतो आणि पुढच्या जूनमध्ये परत इथे टांगतो. तीन पावसाळे जुन्या छत्र्या आहेत, चिठ्ठ्या बदलतो फक्त. ही गोष्ट त्याने गटात पुन्हा सांगितली तेव्हा प्रश्न आणखी आले. गाडीची वेळ बदलली तर? त्या बाईने नोकरी सोडली असेल का? त्यातून त्याची कथा उभी राहिली, तीन खर्ड्यांनंतर. आधीच्या म्हाताऱ्याची कथा लिहिणारा आणि ही लिहिणारा मुलगा एकच आहे. त्याची प्रतिभा त्या दोन आठवड्यांत वाढली नाही. त्याला एक प्रश्न विचारणारं माणूस मिळालं.

मुंबईत राहणाऱ्या मुलाला विषय सुचत नाही, हे मला कधी खरंच वाटत नाही. लेडीज डब्यात क्लिपा विकणारी बाई, शनिवारी मिरची-लिंबू बांधत दुकानोदुकानी फिरणारा पोरगा, टॉवर झाल्यावर शेजार तुटलेल्या चाळीतल्या आज्या. त्याला हे दिसत नाही असं नाही. याच्यावर गोष्ट होऊ शकते आणि ती ऐकायला कुणी थांबेल, यावर त्याचा विश्वास नसतो. म्हणून तो 'एका गावात' सुरू करतो, जिथे तो कधी राहिलेला नाही.

मार्कांचा प्रश्न यालाच जोडून येतो. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांचा १९८५ चा एक प्रयोग आहे. लिहिणाऱ्या लोकांचे गट केले. एका गटाला आपण आनंदासाठी का लिहितो याच्या कारणांचा क्रम लावायला सांगितला, दुसऱ्या गटाला प्रसिद्धी, पैसा अशा बाहेरच्या कारणांचा. मग दोघांकडून छोटी कविता लिहून घेतली. बाहेरच्या कारणांचा नुसता विचार करून आलेल्यांच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. आणि आपण पहिल्याच तासाला काय सांगतो? अंतर्गत मूल्यमापन इतके मार्क, प्लॅगरिझम इतके टक्के, उशीर झाल्यास इतके वजा. मार्क रद्द करा असं मी म्हणत नाही, क्रेडिटच्या रचनेत ते शक्य नाही. पण ते शेवटच्या कथेला देण्याऐवजी पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा यांच्यातल्या बदलाला देता येतात. दुसऱ्याच्या गोष्टीला विचारलेल्या चांगल्या प्रश्नाला देता येतात. विक्रोळीच्या त्या मुलीचा प्रश्न कथेइतकाच मोलाचा होता, आणि आजच्या गुणपत्रिकेत त्याला कुठलाही रकाना नाही.

एआयचंही इथेच. यंत्राकडून कथा लिहून आणणारी मुलं वाढली आहेत, आणि कॉलेजं ती पकडणारी सॉफ्टवेअर शोधत आहेत. जी कथा कुणी ऐकणारच नाही ती यंत्राकडून का लिहून घेऊ नये, याचं पटेल असं उत्तर आपल्याकडे नाही. गटासमोर सांगायची, प्रश्न झेलायचे, दुसऱ्या दिवशी त्याच स्टेशनवर जाऊन विचारून यायचं, अशी रचना असली की यंत्राची कथा आपोआप निरुपयोगी ठरते. छत्रीवाल्या काकांच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय हे यंत्राला ठाऊक नाही.

ऑनलाइन गोष्टीचा वर्ग जिवंत राहू शकतो याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात 'डीएस१०६' नावाचा डिजिटल स्टोरीटेलिंगचा कोर्स सुरू झाला आणि २०११ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. विद्यार्थी आपलं काम स्वतःच्या जागेवर सगळ्यांना दिसेल असं मांडायचे, बाहेरचे लोकही येऊन करायचे, आणि असाइनमेंटचा साठा खुद्द विद्यार्थ्यांनी तयार केला. रोज एक छोटं काम, पंधरा-वीस मिनिटांत होणारं, अशी 'डेली क्रिएट'ची पद्धत त्यातून आली. त्याआधी, १९९० च्या दशकात, कॅलिफोर्नियात ज्यो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिटल स्टोरीटेलिंगच्या कार्यशाळा सुरू केल्या. कॅमेरा, संगणक, एडिटिंग हे सगळं पुढे; त्याआधी गोल करून बसायचं आणि आपली गोष्ट बाकीच्यांना सांगायची. तंत्रज्ञान शिकवणाऱ्या लोकांनी ऐकण्याला पहिला मान दिला. आपण अभ्यासक्रम उचलताना सॉफ्टवेअरचं नाव उचलतो आणि हे वर्तुळ तिथेच ठेवून येतो.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे: एका शिक्षकामागे सव्वाशे मुलं, सगळ्यांच्या गोष्टी ऐकणार कोण? आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर शिक्षकाने आणखी मरमर करावी हे नाही. महाराष्ट्रात हे विषय बहुतांशी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. साठ कथा घरी बसून वाचल्या, प्रत्येकाला चार ओळी लिहिल्या, तर तो वेळ हिशेबात धरलाच जात नाही. जे काम मोजलं जात नाही ते हळूहळू होईनासं होतं, कितीही तळमळीचा शिक्षक असला तरी. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान कॉलेजला स्वस्त पडतं कारण ते एकदाच करायचं असतं. प्रतिसाद स्वस्त पडत नाही. पण गोष्टीच्या वर्गात फी कशाची घेतो, याचा विचार केला तर ती प्रतिसादाचीच असायला हवी. कथेचे घटक यूट्यूबवर फुकट आहेत.

दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. यातले व्याख्यानाला आठ पुरतात, मी जबाबदारीने सांगते. उरलेल्या बावीस तासांत सहा-सहाचे गट आळीपाळीने ऐकता येतात, आणि शिक्षक ज्या गटात नसेल तो गट स्वतः चालू शकतो, एकदा प्रश्न विचारायची सवय लागली की. त्या सवयीला वेळ लागतो. पहिले काही आठवडे मुलं "मस्त रे", "छान होती" यापलीकडे जात नाहीत. "तू हे कुठून बघितलंस?", "त्यानंतर ती काय म्हणाली?" असे प्रश्न विचारायला शिकवणं हेच शिक्षकाचं या विषयातलं मुख्य काम आहे.

आणि गट पाडताना रोल नंबरने पाडू नका. रेल्वेच्या लाइनने पाडा. वसई, नालासोपारा, विरारची मुलं एका गटात, डोंबिवली-कल्याण एका, चेंबूर-मानखुर्द एका. म्हणजे महिन्यातून एकदा त्यांना प्रत्यक्ष भेटता येईल, फोर्टपर्यंत न येता. जागा नाही असं म्हणू नये. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून या शहरात आहे आणि त्याच्या शाखा उपनगरांत पसरलेल्या आहेत. पालिकेच्या अनेक शाळा संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. वरळीत तर अख्खी अभ्यास गल्ली आहे, जिथे घरात जागा नसलेल्या मुलांच्या पिढ्या रस्त्याच्या दिव्याखाली शिकल्या आणि जिथे पालिकेने पुढे बाकं आणि दिवे दिले. घरातल्या गोंगाटात ऑनलाइन तास करणाऱ्या मुलाला त्याच्या स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत तासभर बोलायला चालेल अशी एक खोली मिळाली, तर कॅमेऱ्याचं भांडणसुद्धा निम्मं मिटेल. आजच्या अभ्यासिकांत बोलायला बंदी असते, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. म्हणूनच वेगळी खोली मागायची.

सत्राच्या शेवटी परीक्षा हवीच असेल तर ती लोकांसमोर घ्या. लाइननुसार एक कार्यक्रम, डोंबिवलीचा डोंबिवलीत, वसईचा वसईत. ग्रंथालयाच्या सभागृहात तीस-चाळीस खुर्च्या, मुलांचे आईबाप, शेजारी, वाचनालयाचे ज्येष्ठ सभासद, आणि प्रत्येकाला सहा मिनिटं. ज्या मुलाला नोकरीमुळे तेही जमणार नाही त्याची ध्वनिफीत तिथे ऐकवा आणि लोक काय म्हणाले ते रेकॉर्ड करून त्याला पाठवा. जूनमध्ये पहिल्या तासाला या कार्यक्रमाची तारीख सांगून टाका. एकांकिकेच्या ग्रुपला तारीख असते, गोष्टीच्या वर्गालाही असू दे.

यातली एकही मागणी नव्या इमारतीची नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने या विषयांच्या अभ्यासक्रमात तासांची विभागणी लिहून द्यावी, त्यात ऐकण्याचे आणि प्रतिसादाचे तास वेगळे दाखवावेत, आणि त्या तासांचं मानधन व्याख्यानाच्या तासाइतकंच धरावं. गटाची कमाल संख्या छापील नियमात यावी, कारण छापील नसलेली संख्या ऑगस्टपर्यंत दुप्पट होते. ज्या कॉलेजला हे जमणार नाही त्याने हा विषय ऑनलाइन देऊ नये, त्याऐवजी दुसरा पेपर ठेवावा. पुढच्या वर्षीच्या विषयांच्या याद्या कॉलेजांत आत्ता तयार होत आहेत, तेव्हा हे सांगायची वेळही हीच आहे.